किफ्कीचा तवा आणि गिरोकास्तरचा बाजार

दक्षिण अल्बानियात, ग्रीसच्या सरहद्दीपासून तीसेक किलोमीटरवर, गिरोकास्तर नावाचे डोंगरउतारावरचे जुने शहर आहे. तेथील खाणावळीत बसले की एक पदार्थ हमखास पुढे येतो. त्याचे नाव किफ्की. स्थानिक लोकांच्या तोंडी यातला 'क' थोडासा 'च'कडे झुकतो. शिजवलेला भात, अंडी, सुका पुदिना, मीठ आणि मिरी, एवढाच काय तो मालमसाला. लिंबाएवढे गोळे वळायचे आणि खळगे असलेल्या खास तव्यात तेलावर फिरवत फिरवत तांबूस करायचे. आपल्याकडच्या आप्पेपात्राचेच हे दूरचे भावंड म्हणायला हरकत नाही. अल्बानियात कोणालाही विचारा, किफ्की म्हटले की गिरोकास्तरचेच नाव निघते.

व्यापार-उद्योगाच्या पानावर भाताच्या गोळ्यांचे काय काम, असे वाचक विचारतील. काम आहे. या शहराचा बाजार एकेकाळी कारागिरांचा होता. मग जवळजवळ अर्धे शतक तेथे खाजगी व्यापारच बंद होता. त्यानंतर व्यापार खुला झाला, तर सहा वर्षांत लोकांची बचत बुडाली. आज तोच बाजार पुन्हा उभा आहे आणि त्यात मोठा वाटा घरगुती जेवणाचा आहे. जेवणाच्या मागून कोणता हुन्नर परत आला आणि कोणता आला नाही, हे आपल्याकडच्या कारागिरांनी पाहण्यासारखे आहे.

दर सात घरांमागे एक दुकान

गिरोकास्तर द्रिनो नदीच्या खोऱ्यावर वसले आहे. घरांवर कौले नाहीत, दगडी लाद्या आहेत. म्हणून त्याला दगडी शहर म्हणतात. जुनी घरे लहानशा गढीसारखी. खाली पावसाच्या पाण्याचे टाके आणि धान्याची कोठारे, वरच्या मजल्यावर मेहमानखाना. छपरावर पडलेले पाणी पन्हळीतून थेट टाक्यात जाई. झेकाते आणि स्केंदुली या दोन घराण्यांची घरे आज पाहुण्यांना आतून पाहता येतात. युनेस्कोने २००५ मध्ये या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि २००८ मध्ये बेरात हे दुसरे जुने शहरही त्याला जोडले.

उस्मानी काळातील प्रसिद्ध प्रवासी एवलिया चेलेबी १६७० मध्ये येथे आला होता. त्याने नोंद केली ती अशी: घरे २०००, मशिदी ८, चर्च ३, सराया ५ आणि दुकाने २८०. म्हणजे साधारण सात घरांमागे एक दुकान. एवढी दुकाने केवळ गावच्या गिऱ्हाइकावर चालत नाहीत. आजूबाजूच्या खेड्यांतून लोकर, कातडे, लोणी, चीज घेऊन लोक येत आणि भांडी, कापड, जोडे घेऊन परत जात. हा बाजार पुढे आगीत जळाला आणि पुन्हा बांधला गेला. चढावरचे जे फरसबंदी रस्ते एका खिंडीसारख्या चौकात मिळतात, त्याला आजही 'बाजाराची मान' असेच नाव आहे.

तेथील बोलीतले काही शब्द ऐकले तर आपल्या वाचकांना नवल वाटेल. बाजाराला ते पझार म्हणतात आणि दुकानाला द्युकान. कारागीर तो उस्ता, कारागिरांची जमात ती एस्नाफ, हिशेब तो हेसाप. पाहुण्याला म्युसाफिर म्हणतात. जेवणाचे बुटके गोल मेज म्हणजे सोफ्रा, आपला सुफरा. कोफ्त्याला कोफ्ते, हलव्याला हलवे, साखरेला शेकेर. तुर्कांच्या राज्यात अरबी-फारसी शब्द जसे पश्चिमेला गेले तसेच आपल्याकडे दख्खनेतही आले, आणि दोन्हीकडे ते बाजारात व स्वयंपाकघरातच जास्त टिकले. कथलाला त्या भाषेत कलाय म्हणतात. आपली कल्हई तीच.

कल्हई गेली की काय जाते

जुन्या गिरोकास्तरच्या स्वयंपाकघरात तांब्याची भांडी असत. मोठी ताटे, हंडे, पातेली, सगळे तांब्याचे आणि आतून कल्हई केलेले. किफ्कीचा खळग्यांचा तवाही त्याच घराण्यातला. तांबे लवकर आणि सारखे तापते, त्यामुळे छोट्या गोळ्याला सगळीकडून एकसारखा रंग येतो. पण कल्हई नसेल तर दही, लिंबू, टोमॅटो असे आंबट पदार्थ कळकतात आणि पोटाला बाधतात. म्हणून तांबट आणि कल्हईवाला ही जोडी असते. एकाने भांडे घडवावे, दुसऱ्याने ते वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा वापरायोग्य करावे.

आपल्याकडे हा उद्योग करणाऱ्यांत मुस्लिम बांधव बरेच होते. भाता, नवसागर, कथील आणि कापसाचा बोळा एवढे भांडवल घेऊन ते गल्लोगल्ली फिरत. स्टील आणि ॲल्युमिनियम आले आणि ही हाक बहुतेक ठिकाणी ऐकू येईनाशी झाली. गिरोकास्तरमध्येही शेवट साधारण तोच झाला, परंतु कारण वेगळे होते. तेथे गिऱ्हाइकाने पाठ फिरवण्याआधीच सरकारने दुकान बंद केले.

दुकाने सरकारजमा

१९४४ च्या अखेरीस अल्बानियात कम्युनिस्टांची राजवट आली. तिचा सर्वेसर्वा अन्वर होजा याच गिरोकास्तरचा. त्याचा जन्म १९०८ चा. एकेक करून खाजगी व्यापार, कारखाने, जमिनी सरकारजमा झाल्या. उस्ता लोकांना सरकारी सहकारी संस्थांत घालण्यात आले. काम तेच राहिले, पण भाव ठरवणे, माल निवडणे, शागीर्द ठेवणे हे त्यांच्या हातात उरले नाही. १९६७ मध्ये तर धर्मपालनावरच बंदी आली. देशभर मशिदी, चर्च आणि तक्के बंद झाले. गिरोकास्तरच्या बाजारातील अठराव्या शतकातली मशीद पाडली गेली नाही, मात्र तिच्या उंच घुमटाखाली सर्कशीतल्या कसरतपटूंचा सराव चाले. ही बंदी १९९० च्या अखेरीस उठली.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. याच राजवटीने १९६१ मध्ये गिरोकास्तरला 'संग्रहालय-शहर' जाहीर केले, आणि त्यामुळे जुनी घरे पाडून सिमेंटच्या चाळी उठल्या नाहीत. इमारती वाचल्या, त्यांत चालणारा धंदा वाचला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे जुन्या बाजारांच्या सुशोभीकरणाच्या योजना आखणारे नेहमी विसरतात.

त्या काळात घरचे जेवण टिकले, त्याचे श्रेय बायकांना. मांस, लोणी सहज मिळत नसे. अशा घरात उरलेल्या भाताचे पोटभर खाणे करणारा पदार्थ कामाला येणारच. किफ्कीला मांस लागत नाही, चुलीवर फार वेळ लागत नाही आणि ती गार झाली तरी खाता येते. डब्यात घालून शेतावर किंवा कामावर नेता येते. दुकान नसलेल्या काळात शहराचा एक हुन्नर स्वयंपाकघरात लपून राहिला, असे म्हणता येईल.

१९९१ नंतर बाजार खुला झाला. हजारो तरुण कामासाठी ग्रीस आणि इटलीत गेले आणि तेथून पैसा धाडू लागले. बँका कच्च्या, धंद्याची सवय मोडलेली. अशा वेळी जादा परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या ठेव कंपन्या निघाल्या. सुरुवातीला त्या महिन्याला काही टक्के देत. १९९६ च्या अखेरीस चढाओढ लागली: एकीने तीन महिन्यांत रकमेच्या तिप्पट देऊ म्हटले, तर दुसरीने दोन महिन्यांत दुप्पट. लोकांनी घरे विकली, शेतकऱ्यांनी गुरे विकली आणि पैसे त्यांत घातले. नव्या ठेवीतून जुन्याला देणे, एवढाच तो धंदा होता. या कंपन्यांची देणी देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ निम्म्यावर गेली. १९९७ च्या आरंभी सगळे कोसळले. दक्षिणेत बंड उसळले, लष्कराची कोठारे लुटली गेली, मार्चमध्ये गिरोकास्तरही सरकारच्या हातातून गेले. देशभरात सुमारे २००० माणसे मेली.

आपल्याकडेही असल्या योजनांत हात पोळलेले लोक गावोगाव आहेत, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिले. खाणावळीचा धंदा याच्या नेमका उलटा. सकाळी अंडी आणि पुदिना घ्यायचा, संध्याकाळी गल्ला मोजायचा. नफा थोडा, पण डोळ्यांसमोर.

ताटात काय मागावे

किफ्कीपासूनच सुरुवात करावी. चांगली किफ्की ओळखण्याची खूण सोपी आहे. बाहेरून पातळ कुरकुरीत पापुद्रा, आतून भात मऊ पण शीत वेगळे दिसणारे, आणि मोडल्याबरोबर पुदिन्याचा वास. आत पिठूळ लागली किंवा तेल सुटले तर ती सकाळी करून ठेवून पुन्हा तापवलेली आहे असे समजावे. काही घरांत थोडे चीज घालतात. सोबत दही किंवा ताक घ्यावे. दह्याला तेथे कोस आणि ताकाला धाल म्हणतात.

दुसरा पदार्थ पाशा कोफ्ते. नाव पाशाचे असले तरी ते साधे सार आहे. बोराएवढे छोटे कोफ्ते आणि दूध, अंडे, पीठ यांनी दाट केलेला शोरबा. मसाला जवळजवळ नाहीच. आपल्या जिभेला पहिला घोट फिका लागेल. त्यात मिरी भुरभुरून आणि लिंबू पिळून पाहावे. शापकात हा गरीब घरातला पदार्थ: मक्याचे पीठ, पालेभाजी आणि चीज यांचा भट्टीत भाजलेला थर. यात पिठाची पोळी लाटावी लागत नाही, म्हणून तो लवकर होतो. लाटलेल्या पातळ पापुद्र्यांचा तो ब्युरेक. ब्युरेक देशभर मिळतो आणि सकाळच्या न्याहारीला उत्तम. दह्यात भाजलेले कोकराचे मांस, तावे कोसी, हाही देशभरचा पदार्थ; पण त्याचे मूळ गाव एल्बासान. गिरोकास्तरमध्ये बसून तोच मागणे म्हणजे कोल्हापुरात जाऊन हैदराबादी बिर्याणी मागण्यासारखे आहे.

गोडात ओशाफ चुकवू नये. सुके अंजीर, मेंढीचे दूध, थोडी साखर आणि वरून दालचिनी. दूध तापवून त्यात अंजीर शिजवतात आणि ते थंड करतात. अंजिरामुळे दूध दाट होऊन खरवसाच्या जवळपास जाते. 'ओशाफ' हा शब्द फारसी खुश-आबवरून, म्हणजे गोड पाण्यावरून आला. तुर्कांकडे याच नावाने सुक्या मेव्याचे पातळ पाणी मिळते. या डोंगरात मेंढ्या भरपूर, म्हणून पाण्याच्या जागी दूध आले असावे. या भागात बेक्ताशी तरीक्याचे तक्के आहेत. मुहर्रमच्या दहा दिवसांनंतर तेथे गहू, सुका मेवा आणि साखर घालून हाशुरे शिजवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतात. आशुऱ्याच्या दिवसांत कोणी तेथे असेल तर ते जरूर चाखावे.

घरी पाहुणा आला की एका बशीत चमचाभर ग्लिको आणि पाण्याचा पेला पुढे येतो. ग्लिको म्हणजे मुरंबा: अंजिराचा, कडू संत्र्याच्या सालीचा, कोवळ्या हिरव्या अक्रोडाचासुद्धा. फळाचे तुकडे पाकात विरघळू नयेत म्हणून ते आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात, आपल्याकडे पेठ्याचा कोहळा ठेवतात तसे. ग्लिकोसाठी जवळचे पेरमेत हे गाव नावाजलेले आहे. तेथील बायकांनी घरचा मुरंबा बाटलीत भरून गावाच्या नावानिशी विकायला काढला आणि पारंपरिक अन्न जपणाऱ्या स्लो फूड या इटालियन संस्थेने त्याला आपल्या यादीत घेतले. शेवटी डोंगरी चहा. हा खरा चहा नव्हे, डोंगरावरच्या एका फुलझाडाच्या वाळलेल्या काड्या उकळतात. दूध घालू नये.

हलाल-हरामचा विचार प्रत्येकाने करावाच लागेल. २०२३ च्या जनगणनेत अल्बानियात सुमारे ४६ टक्के लोकांनी आपण सुन्नी मुस्लिम असल्याचे आणि सुमारे ५ टक्के लोकांनी बेक्ताशी असल्याचे नोंदवले. तरीही मुस्लिमबहुल मुलूख म्हणून सगळे हलालच असेल असे धरून चालू नये. दक्षिणेत मांस मुख्यतः कोकराचे आणि बकऱ्याचे, परंतु डुकराचे मांसही विकले जाते. त्याला देर म्हणतात. राकी नावाची दारू पाहुणचाराचा भाग म्हणून पुढे येते. उजवा हात छातीवर ठेवून नकार दिला की कोणी रागावत नाही, कॉफी येते. विचारताना एक सावधगिरी ठेवावी: जुने अल्बानियन लोक 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना वर करतात. तेव्हा मानेकडे न पाहता शब्द ऐकावा; 'पो' म्हणजे हो, 'यो' म्हणजे नाही. शंका असेल त्यांना किफ्की, शापकात, पालकाचा ब्युरेक आणि ओशाफ यांवर चांगले दोन दिवस काढता येतात.

मालाचा फेरा

२०२३ मध्ये अल्बानियात एक कोटीहून अधिक परदेशी प्रवासी आले. देशाची लोकसंख्या आहे चोवीस लाखांच्या आसपास. गिरोकास्तरला येणाऱ्यांपैकी बरेच जण किनाऱ्यावरच्या सारांदा शहरातून किंवा ग्रीसच्या कोर्फू बेटावरून दिवसापुरते येतात. सकाळी किल्ला, दुपारी जेवण, संध्याकाळी परत. म्हणजे बाजाराला त्यांच्याकडून एक जेवण आणि एक खरेदी मिळते.

खरेदीत अडचण आहे. चढावरच्या दुकानांत हाताने विणलेले रुमाल, गालिचे, लाकडावरचे आणि दगडावरचे कोरीव काम दिसते. तेथे बसून छिन्नी चालवणारा उस्ताही भेटतो. पण त्याच्याच शेजारी कारखान्यात हजारोंनी निघणारे, कोठूनही आलेले लोहचुंबकाचे चित्र आणि चावीचे जुडगेही टांगलेले असते. प्रवाशाला दोन्हींतला फरक कळतोच असे नाही, आणि कळला तरी भाव पाहून तो स्वस्ताकडे वळतो. किफ्कीचे तसे नाही. ती बाहेरून पेटीत भरून आणता येत नाही. तांदूळ या डोंगरात पिकत नाही, तो बाहेरचाच. पण अंडी गावची, पुदिना परसातला, दूध मेंढपाळाचे, आणि वळणारा हात त्याच गल्लीतला. प्रवाशाने दिलेल्या पैशाचा बराचसा भाग त्याच खोऱ्यात फिरतो.

मात्र हा फेरा तांबटापर्यंत पोचत नाही. किफ्कीसाठी आता हलक्या धातूचे, न चिकटणाऱ्या लेपाचे तवे सहज मिळतात. ते स्वस्त पडतात आणि त्यांना कल्हई लागत नाही. तांब्याचे भांडे भिंतीवर शोभेला टांगले जाते. खाणावळवाल्याला दोष देता येणार नाही; दिवसाला शेकडो गोळे काढणाऱ्याने सोय पाहावीच. पण तांब्याच्या तव्यातली किफ्की म्हणून दोन पैसे जास्त घेणारी चार दुकाने निघाली तर चार तवे लागतील आणि ते दर वर्षी कल्हईला येतील. पुण्याच्या तांबट आळीने तांब्याचे दिवे आणि पेले घडवून नवे गिऱ्हाईक शोधले. वापरातल्या भांड्याला गिऱ्हाईक मिळवणे त्याहून कठीण, कारण तेथे पुन्हा कल्हई करणारा माणूस जवळ लागतो. तो नसेल तर भांडे कितीही सुंदर असले तरी दुसऱ्या वर्षी माळ्यावर जाते.

हंगामाचाही प्रश्न आहे. गर्दी साधारण मे ते ऑक्टोबर. हिवाळ्यात चढावर थंड वारा आणि पाऊस असतो आणि मुक्कामाला येणारे थोडे. ज्या कुटुंबाचे घर, खाणावळ आणि दोन पाहुण्यांच्या खोल्या एकत्र आहेत ते तग धरते. नुसत्या भाड्याच्या दुकानाला ते जमत नाही, मग त्यातला तरुण ग्रीसच्या बसमध्ये बसतो.

जाणाऱ्यांसाठी

राजधानी तिरानाहून गिरोकास्तर सुमारे २३० किलोमीटर आहे, बसने चार तासांच्या आसपास. सारांदाहून तासा-दीड तासात पोचता येते. बस खाली नव्या वस्तीत थांबते. जुना बाजार वर चढावर आहे आणि फरसबंदी पावसात निसरडी होते, तेव्हा जोडे जाड तळव्याचे असावेत. चलन लेक. लहान दुकानांत रोख लागते. शक्य तर एक रात्र राहावे. दिवसाचे पाहुणे गेल्यावर दुकानदाराला बोलायला सवड असते. परत आणण्यासाठी डोंगरी चहाच्या जुड्या वजनाला हलक्या आणि टिकाऊ. ग्लिकोच्या बाटल्या जड, त्या विमानाच्या हातसामानात चालत नाहीत. तवा आणायचा असेल तर रुमाल-गालिच्यांच्या दुकानात विचारू नये, खाली नव्या वस्तीत भांड्यांच्या दुकानात विचारावे.

तवा नाही मिळाला तरी आपले आप्पेपात्र आहेच. पाव किलो आखूड तांदळाचा भात थोडा मऊसर करून पूर्ण गार होऊ द्यावा. तीन-चार अंडी फेटून त्यात मीठ, भरड मिरी आणि दोन चमचे चुरलेला सुका पुदिना घालावा आणि हे सगळे भातात कालवावे. हात पाण्याने ओला करून गोळे वळावेत. प्रत्येक खळग्यात तेल चांगले तापल्यावरच गोळा सोडावा, नाहीतर तो तळाला धरतो. एक बाजू रंगली की काडीने फिरवावा, आणि आच मंद ठेवावी. पात्र पितळेचे किंवा तांब्याचे असेल तर आधी कल्हई पाहून घ्यावी.